बारा पटाच्या शाळेत मुलांचं मन कोण सांभाळतं?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूवरून ते प्रकरण न्यायालयापुढे आलं होतं. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असं त्यांत म्हटलं आहे. निर्देश स्वागतार्हच आहेत. पण देवरूखच्या एसटी स्टँडवरून आडगावची कुठलीही गाडी धरली, तर शंभर पटाची जिल्हा परिषद शाळा शोधावी लागते. कुठे पट बारा, कुठे नऊ, कुठे सतरा. पाच इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले एक मीटिंगला देवरूखला गेले की उरले एक. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या आणि कोकणाचा त्यांत मोठा वाटा होता.

तालुक्याचं नाव संगमेश्वर असलं तरी पंचायत समिती आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय देवरूखला आहे. वाड्यावाड्यांवरच्या शाळांना येणारी परिपत्रकं इथूनच जातात आणि माहितीचे तक्ते इथेच जमा होतात. म्हणून मुलांच्या सामाजिक आणि भावनिक स्वास्थ्याच्या प्रश्नाचा आढावा घ्यायला हे गाव योग्य आहे. समुपदेशकाची खोली, तज्ज्ञाची साप्ताहिक भेट, पालकांची कार्यशाळा हे चित्र शहरातल्या मोठ्या शाळेचं. बारा पटाच्या शाळेत सहा वर्षांच्या मुलाचं मन कोण ओळखतं, त्याला कोण धीर देतं, आणि त्या माणसाला व्यवस्था काय देते, हे इथे पाहायचं आहे.

आधी मुलांकडे पाहू. संगमेश्वर तालुक्यातल्या किती घरांची चूल मुंबईच्या पगारावर पेटते हे कोकणात कुणाला सांगायला नको. पूर्वी बाप गिरणीत आणि आई-मुलं गावी असत. आता बऱ्याच घरांत आई-वडील दोघंही विरार, दिवा, नालासोपारा अशा ठिकाणी भाड्याच्या खोलीत राहतात, आणि मूल आजी-आजोबांकडे. आजी जीव लावते, वेळेवर जेवू घालते, कपडे धुऊन देते. पण गणपतीला आई-बाबा येतात, विसर्जनानंतर जादा गाडीने परततात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात शाळेत काय दिसतं ते कुठल्याही अनुभवी बाईंना विचारा. पहिली-दुसरीतल्या एकदोघांचं पोट दुखू लागतं. ताप नसतो, जुलाब नसतात. प्रार्थना झाली की दुखतं आणि घरी सोडलं की थांबतं. एखादा उगाच मारामारी काढतो. एखादी वहीवर डोकं ठेवून बसते. लहान मूल ‘मला वाईट वाटतंय’ असं म्हणत नाही. ते पोट धरतं, बोचकारतं, अंथरूण ओलं करतं, बोलणं बंद करतं. मोठ्यांच्या लेखी ते मग ‘घुमं’ किंवा ‘वांड’ ठरतं, आणि एकदा शिक्का बसला की पाचवीपर्यंत पुसत नाही.

मुंबईच्या ओढीखेरीजही ओझी आहेत. बापाची दारू हे एक. त्यावर गावात कुणी उघड बोलत नाही, पण वर्गात ते रोज बसलेलं असतं. चिरेखाणीवर कामाला आलेल्या परजिल्ह्यातल्या आणि परराज्यातल्या मजुरांची मुलं अर्ध्या वर्षात येतात आणि अर्ध्या वर्षात जातात. त्यांना मैत्री करायलाही सवड मिळत नाही. कोकणातल्या वाड्या जातवार वसलेल्या आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या वाड्यांतली मुलं पहिल्यांदा एका पंगतीत बसतात ती शाळेतल्या खिचडीला. ताट कुणी कुणाशेजारी ठेवलं, पाणी कुणी कुणाच्या हातचं घेतलं, यातून मुलांना आपली जागा कळते. ती पंगत शिक्षकाने कशी बसवली, याला मी कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा जास्त वजन देईन.

त्यात अलीकडच्या आपत्ती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि झोपेतली माणसं वाहून गेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. त्याच काळात शाळा बंद होत्या: मार्च २०२० मध्ये लागलेली कुलपं ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी १ डिसेंबर २०२१ ला उघडली. २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली मुलं शाळा न पाहताच दुसरीत गेली. अभ्यासाची गळती मोजायला सगळे धावले, उजळणीचे सेतू अभ्यासक्रम आले. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर खेळ न सोडणं यांची गळती फारशी कुणी मोजली नाही. तीही खरीच होती.

मुलांचं मन सांभाळण्याच्या बाबतीत मराठी माणसाच्या पदरी शंभर वर्षांचं संचित आहे. साने गुरुजी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच पालगडचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिकवत होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी ते रोज ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. वसतिगृहातल्या मुलांशी लिहून बोलणारा, त्यांच्या पांघरुणाची आणि आजारपणाची काळजी वाहणारा शिक्षक. आज ज्याला आपण भावनिक आधार म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात न्यायची, हा त्यांचा विचार. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षा नाही, स्पर्धा नाही, मुलाला बोलू द्यायचं आणि त्याच्या बोलण्यातून पाठ उभा करायचा. या शाळेबद्दल लीलाताईंनी तपशिलाने लिहून ठेवलं आहे. ते वाचताना जाणवतं, की आनंद ही तिथे शिकवण्याची रीत होती. आठवड्यातला एखादा तास त्यासाठी बाजूला काढलेला नव्हता.

आणि देवरूखचा स्वतःचा वारसा आहे मातृमंदिर. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून ही संस्था उभी केली. पुढे निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ निघालं. इंदिराबाईंना सगळा परिसर ‘मावशी’ म्हणत असे. परिचारिका म्हणून शिकलेली, लहान वयात वैधव्य आलेली ही बाई शेवटपर्यंत या गावात राहिली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: मुलींना वर्षानुवर्षं तोच माणूस दिसत राहिला. या मुद्द्याकडे पुढे यावंच लागेल.

आता सरकारी बाजू. कायदा आपल्याकडे कमी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. ही बंदी किती गरजेची होती ते केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं: शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी आपल्याला मार बसल्याचं सांगितलं होतं. छडी आता बऱ्याच शाळांतून गेली आहे. टोमणा गेलेला नाही. ‘तुझ्या बापाला पण असंच येत नव्हतं’ हे वाक्य छडीपेक्षा खोल लागतं, आणि ते कुठल्या नोंदवहीत येत नाही.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा. राज्याने मार्च २०२२ मध्ये शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना घडली आणि किती ठिकाणी या समित्या कागदावरच होत्या याची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर तक्रारपेट्या बसल्या, बैठकांची इतिवृत्तं लिहिली गेली. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेलं ते काम पुढे देशभर पसरलं. हे सगळं असायलाच हवं. पण बारा मुलांच्या शाळेत पेटी कुलूपबंद असली तरी अक्षर कुणाचं ते गुरुजी एका नजरेत ओळखतात. लहान शाळेत गुप्तता पेटीने येत नाही. मुलाला शाळेबाहेरचं एक ओळखीचं माणूस लागतं: अंगणवाडी सेविका, आशाताई, किंवा नेमाने येणाऱ्या आणि मुलांना नावाने ओळखणाऱ्या केंद्रप्रमुख. समितीच्या कागदावर या माणसाचं नाव असावं आणि मुलांना तो चेहरा माहीत असावा, इतकं झालं तरी पुष्कळ आहे.

मूल्यमापनाचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात गुणांच्या जोडीला शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. महिन्यातून एकदा शिक्षकाने एकेका मुलाचा विचार करून दोन ओळी लिहिल्या असत्या, तर मुलाच्या मनाचा आरसाच त्या वहीत तयार झाला असता. प्रत्यक्षात तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, मग त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरल्या. ‘इतरांशी मिळूनमिसळून वागतो’, ‘वर्गात शांत बसतो’, ‘मोठ्यांचा आदर करतो’. ती वही उघडून पाहा. तिसरीतल्या सगळ्या मुलांची मनं एकसारखी वाटतील. पोट दुखणारा मुलगा तिथे ‘नियमित उपस्थित राहावे’ एवढ्या ओळीत संपतो. आता समग्र प्रगतिपत्रक येतं आहे, त्यात मुलाचं स्वतःचं मत आणि पालकाचं मतही घ्यायचं आहे. त्याचीही पीडीएफ निघू नये असं वाटत असेल तर नोंदींची संख्या कमी करा. तीसऐवजी तीन, पण खऱ्या.

उपक्रमांत दोन नावं महत्त्वाची. ‘मूल्यवर्धन’ शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू केलं आणि पुढे शासनाने ते राज्यभर नेलं. जोडीत काम, गटात काम, ऐकून घेण्याचे खेळ, नियम मुलांनीच ठरवणं अशी त्याची घडण आहे. यामागचे मुथ्था तेच, ज्यांच्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवलं. घर आणि माणसं एका पहाटेत गमावलेल्या मुलांबरोबरचा तो अनुभव या कार्यक्रमामागे आहे, म्हणून मी त्याकडे आदराने पाहते. दुसरा उपक्रम ‘आनंददायी शनिवार’. मार्च २०२४ च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी शनिवार दप्तराविना, खेळ, गोष्टी, श्वसन, योगासनं, छंद यांसाठी मोकळा ठेवायचं ठरलं. याआधी दिल्लीने जुलै २०१८ मध्ये आपल्या सरकारी शाळांत रोजचा ‘हॅपिनेस’ तास आणला होता.

तिसरा उपक्रम कमी बोलला जातो, पण मला तो सर्वांत हुशार वाटतो: २०२२ पासूनचे ‘पहिले पाऊल’ शाळापूर्व तयारी मेळावे. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या ओट्यावर टेबलं मांडतात आणि त्यात सामाजिक-भावनात्मक विकासाचं एक वेगळं टेबल असतं. मूल आईचा पदर धरून तिथे येतं, बाई त्याच्याशी बोलतात, आई ऐकत असते. शाळेशी पहिली भेट अशी झाली तर जूनमधलं रडणं अर्ध्यावर येतं. शिवाय यातून आयांचे गट तयार होतात. फक्त आमच्याकडे त्या टेबलापाशी आईच्या जागी बहुधा आजी असते, हे आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. आजीला मोबाइलवर व्हिडिओ पाठवून भागत नाही, तिला बोलावून, चहा देऊन सांगावं लागतं.

आरोग्य खात्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, डोळे-दात-हृदय तपासतं, विकासातला विलंबही त्याच्या यादीत आहे. बोलणं उशिरा आलेलं, स्वमग्नतेची लक्षणं असलेलं किंवा अध्ययन अक्षमता असलेलं मूल यातून सापडू शकतं. सापडल्यावर पाठवायचं मात्र रत्नागिरीला. राज्यात शासनाची चार मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक रत्नागिरीत, देवरूखपासून पन्नासेक किलोमीटरवर. अंतर मोठं नाही. पण ‘मनोरुग्णालय’ म्हटलं की आजोबा हात जोडतात, आणि पोराचं लग्न कसं होणार या भीतीने कागद घडी घालून ठेवतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा आहे आणि ती मराठीतही बोलते. शिक्षकाने आपल्या मोबाइलवरून आजीला शेजारी बसवून हा फोन लावला, तर मनोरुग्णालयाच्या फाटकाची भीती आपोआप टळते. हे मी फार आग्रहाने सांगते, कारण वाडीवरच्या शाळेला परवडणारा आणि आज हाताशी असलेला तज्ज्ञ हाच आहे.

जगभरात या सगळ्याचा उपयोग किती दिसला? अमेरिकेत जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय कार्यक्रमांचा, दोन लाख सत्तर हजार मुलांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. भावना ओळखणं, आवरणं, दुसऱ्याचं समजून घेणं हे पद्धतशीर शिकवलेल्या मुलांचं वागणं सुधारलं, आणि परीक्षेतली कामगिरीही इतर मुलांच्या तुलनेत ११ शतमकांनी वर गेली. ‘आधी वाचन-गणित, मग मन’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना हे एवढंच दाखवावं. उलट ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना सजगता-ध्यान शिकवून पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा मुलांच्या मानसिक आरोग्याला वेगळा फायदा दिसला नाही. ती मुलं ११ ते १४ वर्षांची होती, हे खरं. तरी डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं की मन सांभाळलं, असं मानणाऱ्या कार्यक्रमांना हा इशारा आहे.

आपल्याला सर्वांत जवळचा पुरावा गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी दिला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत त्यांनी ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. काही शाळांत तोच कार्यक्रम त्यासाठी नेमलेल्या, थोडकं प्रशिक्षण घेतलेल्या तरुण समुपदेशकांनी चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशक होते तिथे शाळेचं वातावरण ठळकपणे सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर सोपवला तिथे फरक दिसला नाही.

यावरून शिक्षकाला हे जमत नाही असा अर्थ काढणारे चुकतील. डर्लॅकच्या अभ्यासात वर्गशिक्षकांनी चालवलेले कार्यक्रम चांगले यशस्वी झाले होते. माझ्या मते फरक आहे तो वेळेचा आणि जबाबदारीचा. ज्याला दुसरं काही काम नाही त्याने ते केलं. ज्याच्या डोक्यावर आधीच दहा कामं आहेत त्याच्याकडे ते अकरावं झालं. आमच्या दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींचा दिवस पाहा. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, यू-डायस, आधार जुळणी, मतदार यादीचं काम, कुठल्याशा दिनाचे फोटो लिंकवर. आनंददायी शनिवारी सुद्धा आनंद झाल्याचा फोटो अपलोड करावा लागतो. त्या वेळात मुलगी वहीवर डोकं ठेवून बसलेली असते.

मग मुलाला तारतं काय? हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी पुढे कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आजार अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धडधाकट मनाची, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं हे पाहिलं, तेव्हा पुन्हा पुन्हा एक गोष्ट आली: आई-बापाखेरीजही असेल, पण मुलाला जपणारं एखादं भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शेजारी. आणि बऱ्याचदा शिक्षक.

आता मातृमंदिरातल्या मावशींचा धागा इथे जोडता येतो. आमच्या शाळांत हे माणूसच टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी प्राथमिक शिक्षक घाटावरचे: लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडचे. नोकरी इथे मिळाली, म्हातारे आई-बाप आणि कधी बायका-मुलंही तिकडे. २०१७ च्या धोरणानंतर बदल्या ऑनलाइन झाल्या, वशिल्याची जागा यादीने घेतली, हे चांगलंच झालं. पण आंतरजिल्हा बदलीची यादी लागली की एका फटक्यात तालुक्यातले शिक्षक कमी होतात आणि शाळा शेजारच्या शाळेतून तात्पुरत्या कामगिरीवर आलेल्या गुरुजींवर चालते. बदली मागणाऱ्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. पोटच्या मुलापासून चारशे किलोमीटर लांब राहून दुसऱ्याच्या मुलाची उणीव भरून काढायची, हे त्याच्याकडून किती वर्षं मागायचं? त्याचं स्वतःचं एकटेपण हाही या आढाव्यातला विषय आहे, आणि त्याच्यासाठी कुठलाही शासन निर्णय नाही. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर हिशोब सोपा आहे. आई मुंबईला गेली. दोन वर्षांत बाईही गेल्या. नव्या आल्या त्यांना आमची संगमेश्वरी बोली समजायला सहा महिने गेले. घरच्या बोलीत रडणारं मूल प्रमाण भाषेत बोलायला लावलं की गप्प होतं.

म्हणून या सगळ्या आढाव्याचा माझा निष्कर्ष असा: वाडीवरच्या शाळेत मुलाच्या भावनिक स्वास्थ्याचा मुख्य कार्यक्रम म्हणजे त्याच शाळेत चार-पाच वर्षं टिकलेला, मुलाची बोली कळणारा आणि कागदांतून मोकळा असलेला शिक्षक. बाकीचे उपक्रम त्याच्या हातातली साधनं आहेत. तो नसेल तर मूल्यवर्धनाची पुस्तिका कपाटात राहते. तेव्हा पहिली ते तिसरीच्या शिक्षकाची बदली शैक्षणिक वर्षाच्या मध्यात करू नये. जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्याला प्रत्येक मुलाबद्दल अर्धा तास तोंडी सांगावं, त्यासाठी दोघांना एक दिवस एकत्र द्यावा. स्थानिक डी.एड. झालेल्या मुला-मुलींची भरती जिल्ह्याने जोर लावून मागावी. आणि बिहारच्या अनुभवावरून, केंद्रागणिक एक फिरता समुपदेशक नेमावा, जो आठवड्यात एक दिवस एका शाळेत असेल. न्यायालयाच्या निर्देशांतलं ‘बाहेरच्या तज्ज्ञाशी संबंध’ हे वाक्य इथे असंच खरं होऊ शकतं.

लहान शाळा बंद करून समूह शाळा करावी, या मताबद्दल बोलणं टाळता येणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा प्रयोग त्यासाठी दाखवला जातो. लहान शाळेचं मुलाच्या मनाला मोठं बळ असतं: शिक्षकाला सगळी नावं माहीत, चौथीची मुलगी पहिलीच्या पोराची पाटी पुसते, घर हाकेच्या अंतरावर. सहा वर्षांचं मूल पावसाळ्यात गाडीने दहा किलोमीटरवर पाठवायचं ही गोष्ट आजी कधी मान्य करणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तिसरीत एकटीच मुलगी असेल तर तिला भांडायला आणि गट्टी करायला कुणीच नाही. सामाजिक वाढ समवयस्कांशिवाय होत नाही, शिक्षक कितीही चांगला असो. यावर मला एक मधला मार्ग दिसतो. आनंददायी शनिवार शाळा-शाळांत वेगळा करू नका. एका केंद्रातल्या जवळच्या तीन-चार शाळांनी महिन्यातून दोन शनिवार एकत्र यावं. कबड्डीला दोन संघ होतील, नमन-खेळ्यांचा सराव होईल. जाखडीत ठेका धरणारा पोरगा वर्गात अबोल असला तरी तिथे म्होरक्या असतो, हे शिक्षकाच्या डोळ्यांना दिसेल. पोषण आहाराचा तांदूळ तेवढ्या दिवसापुरता एका शाळेत शिजवायला पंचायत समितीची परवानगी लागेल. ती देणं देवरूखच्या कार्यालयाच्या हातात आहे.

शेवटची विनंती मुंबईकरांना. गावोगावच्या मुंबई मंडळांनी देवळांचे सभामंडप बांधले, शाळांना संगणक आणि पाण्याच्या टाक्या दिल्या. हे ऋण मोठं आहे. पण मुलाचे आई-बाप गावात येतात ते गणपतीला आणि मे महिन्यात, आणि नेमकी तेव्हा शाळा बंद असते. वर्षानुवर्षं बाई आणि आई यांची गाठ पडत नाही. ग्रामस्थ मंडळांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी मिळून एवढं ठरवावं: गणपतीच्या सुट्टीतला, आरत्या-भजनांच्या मधला एक सकाळचा वेळ पालकसभेचा. गुरुजींना त्या दिवसाची बदली रजा द्यावी. त्या सभेत वर्गणीचा विषय नको, गुणांचाही नको. मूल कधी गप्प होतं, कशाला घाबरतं, कुणाशी खेळतं एवढंच बोलावं, आणि परत जाताना आईने बाईंचा नंबर घेऊन जावा, महिन्यातून एकदा फोन करण्यासाठी. चतुर्थीला येणार असाल तर येण्याआधी शाळेला तसं कळवा.